भांडायचं ते आत्ता भांडा

मावशीसमोर बसून कोणी तिच्याबद्दल दुसऱ्याशीच बोलायला लागलं, की ती पंजा जमिनीवर आपटायची आणि म्हणायची, "म्या हितं बसलीये. मला इचारा."

तुम्हीही पाहिलं असेल, माणूस म्हातारं झालं की त्याच्याशी बोलायचं सोडून लोक त्याच्या डोक्यावरून बोलतात. जेवली का ती? झोपते का? आता कुठं ठेवणार तिला? तिला हे मुळीच खपायचं नाही. एकदा तिला चक्कर आली म्हणून थोरल्या मुलानं नगरला डॉक्टरकडं नेलं. सोबतीला बाईमाणूस हवं म्हणून मीही गेले होते. डॉक्टरांनी मुलाला विचारलं, "रात्री झोप लागते का यांना?" हिनं टेबलावरच पंजा आपटला.

"मला इचारा. ह्यो कसं सांगंल? ह्यो आपल्या बायकोपाशी झोपतो."

डॉक्टर हसले. थोरला खिडकीबाहेर बघत बसला.

आमचं गाव केडगावच्या पुढं, पुण्याच्या रस्त्यापासून आत. लग्न होऊन आले आणि तिच्या शेतात खुरपायला जाऊ लागले. मला चारचौघांत बोलता येत नाही, आजही येत नाही. बाकीच्या बायका गाणी म्हणायच्या, थट्टा करायच्या, मी खाली मान घालून खुरपत राहायचे. तिनं माझं नाव 'मुकी' ठेवलं. "ए मुके, च्या घेऊन जा." "मुके, सासू नीट वागती का? नुसती मान हालीव." पुढं शेतातलं काम कमी झालं तेव्हा तिनं मला घरी बोलावून घेतलं, गायीच्या धारा काढायला. मी तिला मावशी म्हणायचे.

तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याची जमीन दोन मुलांनी वाटून घेतली. थोरला गावात शेती करायचा, धाकटा नगरला कारखान्यात होता आणि केडगावात भाड्यानं राहायचा. मुलगी एकच, सुभद्रा. वाटणीच्या वेळी तिचं लग्न झालेलं होतं. आमच्याकडं रीत अशी की बहिणीनं आपला हक्क सोडून द्यायचा आणि भावांनी तिला साडीचोळी करायची. हक्क मागितला तर माहेर तुटतं, असं समजतात. सुभद्रेनंही कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली. भावांनी तिला स्टँडवर भेळ खायला घातली. ती मला म्हणायची, "लई ग्वाड लागली व्हती भेळ. वाटलं, आता माझं म्हायेर पक्कं झालं."

पुढं नवऱ्यानं तिला टाकलं. ती पिशवी घेऊन आईकडं परत आली, तेव्हा तिच्या नावावर कुठंच काही नव्हतं.

मावशीच्या स्वतःच्या नावावर मात्र थोरल्याच्या घराला लागून असलेला एक तुकडा होता. त्यावर विहीर आणि दोन खोल्या. तिचे दागिने मोडून नवऱ्यानं तो घेतला होता, म्हणून तिच्याच नावावर केला होता. त्या दोन खोल्यांत मायलेकी राहायच्या. मावशीला एकच घोर होता. आपण गेल्यावर रीतीप्रमाणं हेही मुलांकडं जाईल, आणि सुभद्रा भावजयांच्या हाताखाली भाकरीला महाग होईल. "सही कर म्हनून म्याच सांगितलं व्हतं तिला," ती एकदा धार काढताना माझ्यापाशी बोलली. "आईनंच पोरीला उघड्यावर घातलं."

मग तिनं ठरवलं की मृत्युपत्र करायचं. शेजारणीनं तोंडावर हात ठेवला. "अगं बया! कागद केला की यम दारात येतो म्हन्त्यात."

"यम काय तलाठी हाय व्हय, कागद बघून यायला?" मावशी म्हणाली.

साक्षीदार दोन लागतात. गावातले दोघं-तिघं वडीलधारे स्वतःहून तयार झाले. त्यांच्यातल्या एका आबांना तिनं खालीवर न्याहाळलं. "आबा, तुमी माझ्याच बरोबरीचं. उद्या कोनी काय इचारलं तर सरनावरून उठून येनार का साक्ष द्यायला?" आबा रागावून गेले. मग तिनं डेअरीत दूध मापणारा तरुण निवडला आणि दुसरी मी. मी म्हटलं, "मावशी, मला न्हाई जमायचं." ती म्हणाली, "चौथी झालीयेस, सही येती. आन तू बोलतच न्हाईस, मंग खोटं कवा बोलशील?"

नगरच्या वकिलांनी कागद तयार केला. तिनं अंगठा उठवला, आम्ही दोघांनी सह्या केल्या. माझं नाव मी इतकं सावकाश लिहिलं की वकील घड्याळ बघायला लागले.

आता असा कागद लोक काय करतात? ट्रंकेच्या तळाशी घालतात आणि मेल्यावर निघू देतात. हिनं तसं केलं नाही. रविवारी दोन्ही मुलांना, सुनांना जेवायला बोलावलं. सुभद्रेनं हुलग्याची शेंगोळी केली होती. सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर मावशीनं कागद माझ्या हातात दिला.

"वाच, मुके. मोठ्यानं."

मी कागद उलगडला. वकिली मराठी, 'मजकूर मिळकत' आणि 'माझे पश्चात', अडखळत अडखळत वाचत गेले. विहीर आणि बाकीची जमीन दोघा मुलांना सारखी. दोन खोल्या आणि त्यांच्या पुढचं अर्धा एकर रान मुलगी सुभद्रा हिला. त्या ओळीला माझा आवाज आपोआप खाली गेला. तिचा पंजा जमिनीवर आपटला.

"परत वाच. तेवढंच ऐकू जायला पायजे."

मी परत वाचलं. थोरल्याचा घास हातातच राहिला.

"तिनं हक्क सोडलाय," तो म्हणाला. "कचेरीत सही केलीये."

"ती बापाच्या जिमिनीवरची. ही माझी हाय."

"लोकं काय म्हनतील? दोन भाऊ असताना भैनीला तुकडा तोडून द्यावा लागला? आमी काय तिला हाकलून देनार हुतो?"

"मंग झालं की. देनार नव्हता, तर कागदानं तुजं काय जातंय?"

धाकटा खाली बघून जेवत होता. मावशीनं ताट बाजूला सारलं. "आता दुसरं. म्या हातरुनाला खिळले तर मला कोन धुनार? आत्ताच सांगा. मागनं एकमेकाच्या तोंडाकडं बघू नका."

असा प्रश्न जेवताना कोणी विचारतं का? शेवटी थोरली सूनच म्हणाली, "आत्याबाई, खरं सांगू का? मला घान सहन व्हत न्हाई. उलटी व्हती. सैपाक म्या करीन, दोन टायमाला आनून दीन."

मला वाटलं, आता ही भडकणार. पण मावशीचा चेहरा खुलला. "शाब्बास. खरं बोललीस. तुजा सैपाक चांगला असतो." धाकटी म्हणाली, केडगावच्या खोलीला जिना हाय. मावशी म्हणाली, "मला जिना चढवू नका. तुमी दवापान्याचं बघा." मग सुभद्रेकडं बोट केलं. ती चुलीपाशी पाठ करून बसली होती. "मला ही धुईल. पर कुनाच्या घरात पडून, कुनाची मिंधी हून न्हाई. सोताच्या घरात धुईल."

थोरला उठला. ताट अर्धं होतं.

"बस खाली," ती म्हणाली. "भांडायचं ते आत्ता भांड. म्या मेल्यावर तू काय म्हनतो, ते मला कसं कळायचं?"

"मला न्हाई भांडायचं," तो म्हणाला, आणि पायताण घालून निघून गेला.

भांडणाची तिनं तयारी केली होती. अबोल्यावर तिच्याकडं औषध नव्हतं. रोज सकाळी तो दुधाचं कॅन घेऊन तिच्या ओट्यापुढून जायचा आणि मान दुसरीकडं वळवायचा. ती ओट्यावरून ओरडायची, "मान मोडंल रं! सरळ बघ." तो तसाच पुढं जायचा. ती हसायची, पण मी जवळ असायचे म्हणून मला दिसायचं, तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत तिचं बघणं चालूच असायचं.

एक दिवस ती म्हणाली, "मुके, कागदानं हिला छप्पर मिळंल. पर भाऊच तुटला तर छपराखाली ही एकलीच की गं. म्या चुकले का?"

मी म्हटलं, "न्हाई, मावशी."

"बास? येवढ्या दिसांचं साठीवलंस, आन येकच सबद?" असं म्हणून तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

पुढच्या पावसाळ्यानंतर तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सगळं तिनं ठरवलं होतं तसंच झालं. सुभद्रा तिला धुवायची, पुसायची, कूस बदलायची. थोरली सून दोन वेळा डबा घेऊन यायची, उंबऱ्याबाहेर नाकाला पदर लावून उभी राहायची, पण एकही वेळ चुकली नाही. धाकटा औषधं पोचवायचा. भेटायला येणाऱ्या बायका खाटेभोवती बसून म्हणायच्या, "आता काय राह्यलंय हिच्यात? हिला कळतं तरी का?" मावशीचा डावा पंजा खाटेवर हलके हलके आपटायचा. त्यांना वाटायचं, अंगाला कंप आहे. मला ठाऊक होतं काय ते. एकदा मी त्या बायकांच्या मधून पुढं झाले, वाकले आणि विचारलं, "मावशी, ह्यांना घालवू का?" तिनं डोळे मिटून उघडले. त्या दिवशी मी चारचौघांत पहिल्यांदा आपणहून मोठ्यानं बोलले. "आता जावा तुमी," म्हटलं.

थोरलाही आता संध्याकाळी यायला लागला. पायाशी बसायचा, पाय दाबायचा. आईशी दोन शब्द बोलायचा, बहिणीशी नाही. सुभद्रा आत आली की तो उठायचा.

होळीच्या आधी मावशी गेली. दहावं झालं. तलाठ्यानं नोंदीची नोटीस चावडीवर लावली. कोणाची हरकत असेल तर सांगावी. गावाला वाटत होतं की थोरला आता कोर्टात जाणार. मी रात्रंदिवस धास्तावले होते, मला तिथं उभं राहून बोलावं लागणार म्हणून. हरकत आली नाही. सुभद्रेचं नाव लागलं. पण थोरला बहिणीच्या दाराशी आला नाही, आणि मावशीची भीती खरी ठरल्यासारखं मला वाटलं.

वैशाखात त्यानं नांगरट काढली. आमच्या भागात बांध कोरायची एक वाईट खोड आहे. नांगरताना शेजारच्या बांधाला नांगराचं एक तास, म्हणजे एक चर, जास्त मारायचं. दरवर्षी थोडं थोडं खाल्लं की बांध सरकतो. सख्खे भाऊही करतात, आणि त्यावरून डोकी फुटतात. तो आपलं रान नांगरत नांगरत सुभद्रेच्या बांधाकडं येत होता. आम्ही दोघी दारात उभ्या होतो. सुभद्रेनं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

त्यानं शेवटचं तास मारलं ते बांधापासून हातभर आत, स्वतःच्या बाजूला. ती पट्टी तशीच सोडली. मग बैल थांबवले, नांगर उचलला, बांधावरून पलीकडं घेतला आणि सुभद्रेच्या रानात लावला. कोणाला विचारलं नाही, कोणाकडं पाहिलं नाही. अर्धा एकर तो काय, उन्हं उतरायच्या आत झालं.

बैल सावलीला बांधून तो दाराशी आला. तोंड धुळीनं भरलं होतं. "सुबे," तो म्हणाला, "पानी दे."

ती आत पळाली. ओट्यावर, मावशी बसायची तिथं, सुभद्रेनं लाल मिरची वाळत घातली होती. त्यानं बसायला म्हणून हातानं मिरची थोडी बाजूला सारली. मोकळ्या झालेल्या जागेकडं बघत जरा वेळ उभा राहिला. मग खाली पायरीवर बसला.