पेकिंगकाकांचा एकच प्रश्न

इंग्लंडातल्या साध्यासुध्या माणसाला चीनबद्दल काय वाटतं, हे भिंगारमध्ये बसून बिनचूक सांगणारा जगात एकच माणूस झाला, आणि तो पाकिटं घ्यायला आमच्या दुकानात येत असे. आम्ही त्यांना पेकिंगकाका म्हणायचो. छावणीच्या बाजारात आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. वडिलांच्या वेळी तिथे वह्या, शाई आणि निळ्या-लाल काठांची परदेशी टपालाची पाकिटं मिळायची. दुकान माझ्या हाती आल्यावर झेरॉक्स आणि कॉम्प्युटर आला. ती पाकिटं विकत घेणारं गिऱ्हाईक मात्र सगळ्या भिंगारमध्ये एकच होतं. वडिलांनी त्यांच्यासाठीच एक मोठा गठ्ठा मागवला होता आणि तो जन्मभर पुरेल म्हणायचे. पुरूनही उरला.

काका लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन कारकून होते. कपडे इस्त्रीचे, खिशात दोन पेन्सिली, आणि घड्याळ पाच मिनिटं पुढे, कारण 'साहेब वेळेवर येतो, आपण त्याच्या आधी असायला हवं.' साहेब गेले, नोकरी संपली, घड्याळ पुढेच राहिलं. नगरचं नाव बदललं त्याच दिवशी त्यांनी पत्त्यातलं नाव बदललं, सरकारी हुकूम तो हुकूम. पेकिंगचं बीजिंग होऊन मात्र किती वर्षं झाली, ते त्यांनी मानलं नाही. म्हणायचे, "मला त्यांच्याकडून लेखी काही आलेलं नाही."

तसं एकदा आलं होतं, आणि सगळी गोष्ट तिथूनच सुरू झाली. तरुणपणी काकांना शॉर्टवेव्ह रेडिओचा नाद होता. पहाटे डेपोत जायच्या आधी खरखरीतून जगभरची स्टेशनं शोधायची, आणि आवाज कसा ऐकू आला ते कार्डावर लिहून त्या त्या स्टेशनला कळवायचं. स्टेशनं खूश होऊन कॅलेंडरं, बिल्ले पाठवायची. चीनच्या स्टेशनाने पाठवला कोंबडा. लाल पातळ कागदातून कात्रीने कापलेला, तळहाताएवढा, पिसन् पीस सुटं. तेव्हा चीनबरोबरचं युद्ध लोक विसरले नव्हते. लष्कराच्या डेपोतला कारकून आणि त्याच्या नावाने चीनहून पाकीट! काकांना रात्रभर झोप आली नाही. सकाळी ते स्वतःच मेजरसाहेबांपुढे उभे राहिले आणि पाकीट टेबलावर ठेवलं. साहेबांनी ते दोन बोटांत धरून विचारलं, "ये क्या है?"

"मुर्गा है, साब."

साहेबांनी कोंबडा उजेडात धरला, उलटा करून पाहिला. मग म्हणाले, "अच्छा बनाया है." आणि परत दिला. काका मला सांगायचे, "अगं सुनंदा, शिक्षा केली असती तर मी दुसऱ्या दिवशी विसरलो असतो. पण साहेब 'अच्छा' म्हणाले! सीमेवर लढून आलेला माणूस! म्हणजे कागदाच्या एका कपट्याने चिन्यांनी काय केलं बघ. मला तेव्हा वाटलं, आपल्याला असं होतं, तर बाकीच्या जगाला काय होत असेल?"

ते विचारायला त्यांनी पत्रमित्र धरले. एक जर्मनीतला सुतार, एक अमेरिकेतल्या शेतकऱ्याची बायको, आणि इंग्लंडच्या उत्तरेला एका लहान गावात राहणारी डोरोथीबाई. दर दिवाळीच्या पाडव्याला तिघांना पत्र जायचं. ख्यालीखुशाली, इकडची हवा, आणि शेवटी दरवर्षी त्याच शब्दांत तोच प्रश्न: 'तुमच्या गल्लीतल्या लोकांना चीनबद्दल काय वाटतं?' नियम कडक. प्रश्नातला शब्द बदलायचा नाही आणि आपलं मत कळवायचं नाही. उत्तर आलं की ते एका जाडजूड वहीत चिकटवायचं आणि खाली पेन्सिलीने एकच शब्द लिहायचा. काकू शेवगावकडच्या. त्या म्हणायच्या, "जावई वर्सातनं एकदा येतो, त्येची न्हाई एवढी वाट बघत हे. त्या बाईचं पाकीट आलं की मानूस लगीन ठरल्यावानी करतंय." डोरोथीबाईने काकांसाठी विणून पाठवलेली लोकरीची टोपी थंडीत काकूच घालायच्या. "सवतीची हाय, पण ऊब लई," म्हणायच्या.

सुताराची पत्रं एक दिवस थांबली, शेतकऱ्याची बायको मुलाकडे राहायला गेली आणि तिकडचा पत्ता आलाच नाही. डोरोथीबाई राहिली. तिने काकांच्या प्रश्नाचं उत्तर सरळ कधीच दिलं नाही. आधी हवा, मग तिचा उजवा गुडघा, मग शेजारणीचं मांजर, आणि कुठेतरी तिसऱ्या पानावर मांजराच्या मागून चीन यायचा. सुरुवातीला तिने लिहिलं होतं, की आमच्याकडे मुलांनी ताटात टाकलं की 'चीनमध्ये मुलं उपाशी आहेत' म्हणून दटावतात, याहून जास्त कुणी चीनचं नाव काढत नाही. खाली काकांचा शब्द: 'कीव'. तिचा नवरा कपबशांच्या कारखान्यात कपांवर फुलं रंगवायचा. नंतर चीनच्या स्वस्त कपांपुढे तो कारखाना बंद पडला, तेव्हा तिने कळवलं, की हल्ली हा कुणाकडेही गेला की चहा पिण्याआधी रिकामा कप उलटा करून खालचा शिक्का वाचतो, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. शब्द: 'राग'. मग चीनमध्ये खेळांचा मोठा सोहळा झाला आणि हजारो माणसं एका तालात ढोल वाजवताना तिने टीव्हीवर पाहिली. नवरा आरामखुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला, म्हणे. शब्द: 'धाक'. करोनाच्या वर्षी तिच्या गल्लीतल्या चिनी कुटुंबाच्या खाणावळीची काच कुणीतरी फोडली, आणि ही म्हातारी केक घेऊन त्यांच्याकडे गेली. दार उघडलं गेलं नाही, तेव्हा केक पायरीवर ठेवून आली. त्या पत्राखाली 'लाज' लिहायला काकांना दोन दिवस लागले. मला म्हणाले, "चीन आहे त्याच जागी आहे. पण हिचा नवरा गेला, हिचा कारखाना गेला, हिची गल्ली बदलली, तसा हिला दिसणारा चीन बदलत गेला. हे वर्तमानपत्रात येत नाही गं."

डोरोथीबाईच्या बोटांना संधिवात झाला, तशी पत्रं बंद होऊन मेल सुरू झाल्या. काकांकडे कॉम्प्युटर नव्हता, म्हणून त्या माझ्या दुकानाच्या पत्त्यावर यायच्या. काका सांगायचे, मी टाइप करायची, उत्तर आलं की प्रिंट काढून द्यायची. मला यात फार रस होता असं नाही. दुकानात दहावीची मुलं प्रोजेक्ट घेऊन उभी असताना एक म्हातारा इंग्लंडातल्या मांजराची चौकशी करतोय, याला माझ्याकडे वेळ नसतो. पण वडिलांच्या वेळचं गिऱ्हाईक. सांभाळलं.

मागच्या वर्षीच्या पाडव्याला मेल गेली आणि उत्तर आलं नाही. नेहमी पंधरा दिवसांत यायचं. डिसेंबर संपला, संक्रांत झाली. काका रोज साडेअकराला, म्हणजे त्यांच्या घड्याळात अकरा पस्तीसला, येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे. "आली का?" "नाही आली." मग तासभर तसेच. वही मांडीवर. एके दिवशी ते पायरी उतरताना तोल जाऊन धडपडले, आणि मी ठरवलं, पुरे झालं. हा माणूस रोज ऊन डोक्यावर घेत येणार आणि एक दिवस रस्त्यात पडणार. मी दुपारी शटर अर्धं ओढून डोरोथीबाईची मेल स्वतःच लिहिली. इंग्रजी माझं वाईट नाही. प्रिंट काढून दुसऱ्या दिवशी हातात दिली.

काकांनी चष्मा बदलून वाचली. पुन्हा वाचली. मग म्हणाले, "हे इंग्लंडहून आलेलं नाही. हे याच टेबलावरून आलंय."

मी म्हटलं, "कशावरून?"

"यात गुडघा नाही. मांजर नाही. आणि उत्तर एक, दोन, तीन, चार असं मुद्दे घालून दिलंय. डोरोथीने इतक्या वर्षांत मला एक सरळ वाक्य लिहिलेलं नाही, आणि आता मुद्दे काढेल? सगळ्या बाजारात मुद्दे काढणारी बाई एकच आहे."

मला वाटलं, आता चिडतील. काकांनी वही उघडली, माझा कागद नवीन पानावर चिकटवला, आणि वर नीट अक्षरात लिहिलं: 'भिंगार. स्त्री. वय पन्नाशीच्या पुढे.' "तू तिच्या नावाने लिहिलंस, पण मतं तुझीच आहेत. इतकी वर्षं जगाला विचारत बसलो, आपल्या गल्लीत कुणाला विचारलंच नव्हतं बघ." आणि खाली शब्द लिहिला: 'हेवा'.

"मला कसला आलाय हेवा?" मी म्हटलं. "माल टिकत नाही, सरकारवर विश्वास नाही, हे पहिलेच दोन मुद्दे आहेत."

"ते दीड-दीड ओळीचे आहेत. तिसरा त्यांच्या रस्त्यांचा आणि रेल्वेचा. तो नऊ ओळींचा आहे."

मी झेरॉक्सचं झाकण उघडून उगाच काच पुसली.

फेब्रुवारीत खरी मेल आली, डोरोथीबाईच्या पत्त्यावरून, पण तिच्या नातीची. आजी सप्टेंबरमध्येच गेली होती. म्हणजे काकांचा प्रश्न पोचला तेव्हा तो वाचायला ती नव्हतीच. मी या वेळी काहीही न बदलता प्रिंट काढली आणि घरी नेऊन दिली. काकांनी पहिल्या दोन ओळी वाचून कागद खाली ठेवला. काकू आतून लोकरीची टोपी घेऊन आल्या आणि त्यांच्याशेजारी बसल्या. मग काकूच मला म्हणाल्या, "पुढचं वाच की. पोरीनं येवढं लिवलंय."

नातीने लिहिलं होतं, की तुमचा प्रश्न मी आजीकडून ऐकत मोठी झाले, तर उत्तर मीच देते. ती आणि तिच्या मैत्रिणी चिनी मुलींचे व्हिडिओ बघतात, तिथल्या दिव्यांनी उजळलेल्या शहरांत जायची स्वप्नं बघतात, आणि त्यांचं बघून आता घरात सपाता घालतात आणि सकाळी उठल्याबरोबर गरम पाणी पितात. आजोबा असते तर कप उलटा करून बघितला असता, असंही होतं.

"गरम पानी?" काकू म्हणाल्या. "त्ये चीनचं कवापासनं झालं? मंग मी यास्नी येवढी वर्सं काय देत हुते, बरफ?"

काका हसले. हसता हसता डोळे पुसले. वहीत शब्दाची जागा आठवडाभर कोरी होती, मग लिहिलं: 'ओढ'. त्याच दिवशी ते दुकानात आले, वहीच्या पहिल्या पानावरचा लाल कोंबडा त्यांनी पात्याने हळूच सोडवून आणला होता. मी लॅमिनेट करू का विचारलं, तर असे बघायला लागले, की मी मशीन बंदच केली. वडिलांच्या गठ्ठ्यातलं पाकीट काढलं, दोन पुठ्ठ्यांमध्ये कोंबडा ठेवला. पोस्टात मीच गेले. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "आत काय आहे?" मी म्हटलं, "कोंबडा."

महिन्याने नातीचं उत्तर आलं. तिने तो रस्त्याकडच्या खिडकीत लावलाय. येणारे-जाणारे थांबून बघतात, विचारतात, चिनी आहे का? ती सांगते, भिंगारहून आलाय.

उन्हाळ्यात काका-काकूंना त्यांच्या मुलीने राहुरीला नेलं. जिना आता झेपत नाही. जाताना वही माझ्या टेबलावर ठेवून गेले. साडेअकराला अजून माझी मान स्टुलाकडे वळते. यंदा दिवाळीच्या पाडव्याला मी तोच प्रश्न, त्याच शब्दांत, नातीला पाठवला. उत्तर आठ दिवसांत आलं. राहुरीला फोन लावला. मुद्दा शेवटच्या चार ओळींत होता आणि दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. "काय लिहिलंय?" काकांनी विचारलं. मी गिऱ्हाईकाला हातानेच थांबायला सांगितलं, खुर्ची ओढून बसले, आणि हवेपासून वाचायला सुरुवात केली.