जीपची नळी

परवा हावड्याच्या बसमध्ये कुणाच्या तरी पिशवीतून नव्या रबराचा वास आला आणि मला आमची जुनी डिझेल जीप आठवली.

मी दहा वर्षांची होते. हावड्यात राहायला येऊन आम्हाला जेमतेम वर्ष झालं होतं. रविवारी सकाळी बाबा आणि गॅरेजवाले रोबिनदा बॉनेट उघडून बसले होते. इंजिन स्वतःच्याच उष्णतेने तापलेली हवा ओढतं. त्याला बाहेरची गार हवा दिली तर जोर वाढेल, डिझेलही वाचेल, असं बाबांचं म्हणणं. त्यासाठी एक जाड रबरी नळी पुढच्या बंपरमागे खाली आणली होती.

मी गुपचूप नळीच्या तोंडाकडे बघत होते. मागचा अख्खा पावसाळा बाबा दिल्लीला ट्रेनिंगमध्ये होते. आमची गल्ली त्यांनी तुंबलेली पाहिलीच नव्हती. पण परक्या माणसासमोर बोलायचं कसं? रोबिनदांनी शेवटचा स्क्रू हातात घेतला, तेव्हा तोंडून निघालंच.

“बाबा, ही पाणी पण ओढेल का?”

“कुठलं पाणी?”

मी गुडघ्यावर हात ठेवला. “मागच्या वर्षी गल्लीत इथवर होतं.” नळी त्याहून खाली होती.

रोबिनदा हसत सुटले. लहान मुलींना ते लाडाने ‘मामोनी’ म्हणायचे. “दादा, मामोनी ने तो इंजिन बचा लिया!”

बाबा हसले नाहीत. “तासभर बघतेयस. आधी का नाही बोललीस?”

मला तो ओरडा वाटला. मी घरात पळाले. नळी मग वर, काचेच्या बाजूला बसवली.

आता त्यांचा तेव्हाचा चेहरा आठवतो. त्यात राग नव्हता. ही मुलगी दिवसभर काय काय बघते आणि आपल्याला सांगत नाही, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.