नदीवर हसल्याची शिक्षा

शेवंताबाईंवर अन्याय झाला. कुठं झाला आणि कधी झाला ते आधीच सांगते. गेल्या वर्षीच्या कापणीच्या उपासनेनंतरचा रविवार, भोरचं आपलं देऊळ. शेवटचं गीत संपलं होतं आणि आशीर्वाद व्हायचा होता. तेवढ्यात मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या वतीने योहानराव उभे राहिले आणि त्यांनी एक ठराव वाचला. शेवंताबाई आजपासून तरुण संघाच्या पालक नाहीत. आणि बाप्तिस्म्यासाठी थांबलेल्या वेल्ह्याकडच्या चौघांनी, नदीवर हसून आपण पाप केलं असं मंडळीपुढे कबूल करावं. तोवर त्यांना पाण्यात उतरवलं जाणार नाही. मग आशीर्वाद झाला आणि लोक जेवायला घरी गेले.

शेवंताबाई यंदा दसऱ्याच्या आधी तापाने गेल्या. कामथडीच्या शाळेत मी शिकवते, तिथं निरोप आणला तो पासलीच्या चंद्राने. त्या चौघांपैकी ही एक. वर्गात मुलं पाढे म्हणत होती, आणि ही दारात उभी, पाय चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेले. मी बाहेर आले तशी म्हणाली, "मावशी गेली. भाकर न घेता गेली." आपल्या मंडळीतल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. इतर वाचकांसाठी सांगते: महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर ताटात घालून बाकांवरून फिरते, आणि बाप्तिस्मा झालेल्यांनीच ती घ्यायची असते. शेवंताबाईंनी त्या ठरावानंतर ती एकदाही घेतली नाही, मरतानासुद्धा नाही. हा लेख त्याबद्दल आहे. त्या किती प्रेमळ होत्या हे सांगणारे पुष्कळ भेटतील; ठराव वाचला जात असताना त्यांतले बहुतेक त्याच देवळात बसलेले होते.

त्यांचा जन्म वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, मेंढरं राखणाऱ्या घरात झाला. नवरा सुवार्तिक होता, गावोगाव येशूची गोष्ट सांगत फिरायचा; तो लवकर वारला. त्यानंतर वेल्ह्याच्या बाजारामागे एका खोलीत त्या राहत, दोन-चार शेळ्या पाळत. आमचा तरुण संघ निघाला तेव्हा नियम असा होता की संघाला मंडळीतलं एक मोठं माणूस पालक म्हणून हवं. भोरच्या थोर मंडळींना डोंगर चढायचा नव्हता. सगळे एकमेकांकडे बघत होते, तेव्हा मावशी (शेवंताबाईंना आम्ही सगळे मावशीच म्हणायचो) मागच्या बाकावरून उठून म्हणाल्या की माझ्या शेळ्या तशाबी रानात हिंडत्यात, त्यांच्यासंगं ही बी हिंडतील. कुणी तरी चुकून त्यांना 'पाळक' म्हणालं, म्हणजे उपासना चालवणाऱ्या आपल्या पाळकसाहेबांच्याच पदावर बसवलं. मावशींनी लगेच दुरुस्त केलं, "पाळक ते. मी पालक, भाजीतली. कुणाच्या बी परड्यात उगवती."

संघात आम्ही भोरची चार-सहा आणि डोंगराकडची तितकीच पोरं. शेजारी बसायची आम्हाला सवय नव्हती. आम्ही बूट घालायचो, ती अनवाणी यायची, आणि आमचं बोलणं त्यांना पुस्तकी वाटायचं. मावशींनी उपदेश केला नाही, एक रीत घातली. जो उशिरा येईल त्याने उभं राहून गीताचं पहिलं कडवं एकट्याने म्हणायचं. आता, दर आठवड्याला सगळ्यांत उशिरा कोण यायचं? मावशीच. शेळ्या बांधून, धापा टाकत यायच्या आणि दारातच सुरू करायच्या, आणि चाल... ती चाल त्या दिवशी जी सुचेल ती. हसून आमच्या पोटात दुखायचं. आजही भोरच्या देवळात दोन-तीन गीतं अशी आहेत की म्हातारे एका चालीत म्हणतात आणि आम्ही दुसऱ्या. पेटीवाला मध्ये सापडतो.

आता नदीचं. आपल्यात तान्ह्या बाळाच्या कपाळाला पाणी लावत नाहीत. माणूस मोठं होतं, आपल्या तोंडाने विश्वास सांगतं आणि मग त्याला नदीत पूर्ण बुडवून वर काढतात. त्यामुळे वेल्ह्याकडे गावकऱ्यांनी आपलं नावच 'बुडवे' ठेवलं आहे. त्यात दुसराही दंश आहे, कारण आपल्या मराठीत कूळ बुडवतात, घर बुडवतात, धर्म बुडवतात. मला लहानपणी बाजारात कुणी बुडवी म्हटलं की मी दगड उचलायची. मावशींना म्हटलं की त्या वळून सांगायच्या, "व्हय बाबा, पार बुडालो. आता तुमी आनी काय बुडवणार आमचं?"

एकदा नाथाबा नावाचा मेंढपाळ बाप्तिस्म्याला आला. अंगाने रेड्यासारखा, आणि आपले पाळकसाहेब काडीसारखे. त्यांनी छातीवर हात ठेवून नाथाबाला मागे निजवलं की इकडे पाय वर यायचे, पाय दाबले की डोकं वर. शेवटी एकदाचा बुडाला, निदान तसं वाटलं. सगळे गंभीर, डोळे मिटलेले, आणि काठावरून मावशींचा आवाज आला, "पाळकसाहेब, टाच कोरडी ऱ्हायली. ह्यो स्वर्गात लंगडत जाईल." मग पहिला हसला तो नाथाबाच, नाकातोंडातून पाणी गळत असताना. पाळकसाहेब इतके हसले की कमरेएवढ्या पाण्यात मटकन खाली बसले. मग उठून त्यांनी नाथाबाला पुन्हा बुडवलं, टाचेसकट. तेव्हापासून रीत पडली. माणूस पाण्यातून वर आलं की काठावरून संघाने विचारायचं, "कोरडं कुठं?" त्याने ओरडून सांगायचं, "कुठं न्हाई!" मग घोंगडी, मग गरम पेज. माझ्या वेळी मी भीतीने काठावरच अडून बसले. मावशी पाळकसाहेबांना म्हणाल्या, "हिचं त्वांड शेवटी बुडवा, काय तरी सांगायचं ऱ्हायलं असंल." मी हसत पाण्यात गेले. देवापुढे मी इतकी मोकळी त्याआधी कधी नव्हते, आणि हे पाप आहे असं मला कुणी पटवून दाखवावं.

गेल्या वर्षी बाप्तिस्म्याच्या दिवशी भोरच्या कचेरीतले काही कारकून वेल्ह्याला मुक्कामाला होते. ते गंमत बघायला नदीवर आले. योहानराव त्याच कचेरीत नोकरीला. आपल्यातून तिथं खुर्चीवर बसणारे ते पहिले. "कोरडं कुठं" झालं, चंद्रा आणि तिच्या बरोबरीची तिघं पुढच्या खेपेला आपली पाळी म्हणून काठावर सगळ्यांत मोठ्याने हसत होती. एक कारकून योहानरावांना म्हणाला, "का हो, तुमचा देव गुदगुल्या करतो वाटतं?" बाकीचे खिदळले. योहानरावांचा चेहरा मी पाहिला. तो मनुष्य आतून चिरला गेला होता, हे मी कबूल करते. पण ज्याला दुखलं त्याने दुखवणाऱ्याला काही विचारलं नाही. त्याने पोरांना शिक्षा दिली.

ठराव वाचला गेल्यावर मावशी देवळाच्या आवारात त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी शेजारी होते. योहानराव म्हणाले, "शेवंताबाई, माझ्या बापाला चावडीपुढे उभं करून लोक हसायचे. त्याच्या पागोट्याला, त्याच्या चालण्याला. देवाच्या कामात तरी आपल्याला कुणी हसू नये, एवढंच मागतो मी."

मावशी म्हणाल्या, "योहानदादा, तुमच्या बाला हसली ती मानसं काठावर हुती. आमी पान्यात उतरून हसतो. ह्यात काईच फरक न्हाई व्हय?"

"काठावरच्याला तो फरक दिसत नाही."

"मग त्याला पान्यात बोलवा. पोरांना कशापायी भाईर काढता?"

योहानराव ठरावाचा कागद घडी करून फाटकाकडे निघाले.

मी त्याच आठवड्यात पत्रक लिहिलं. संस्थानातल्या वेठबिगारीवर पत्रकं लिहून माझा हात तयार झालेला. चांगलं झणझणीत लिहिलं आणि शेवटी म्हटलं की आपण ही मंडळी सोडून वेल्ह्याला आपली वेगळी मंडळी काढू. मावशींनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. शेळीला पाला घालत घालत ऐकलं आणि म्हणाल्या, "रुसून गेलेलं मानूस लई सोईचं असतंय. त्याचं ताट बी मांडावं लागत न्हाई." पत्रक मी चुलीत घातलं. मावशींनी ठरवलं ते निराळंच होतं. पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाचं ताट त्यांच्यापुढे आलं, त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि भाकर न घेता शेजारणीकडे दिलं. पाळकसाहेबांच्या बायकोने नंतर बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाल्या की पोरांची पानं मांडली न्हाईत, तवर माझ्या गळ्याखाली घास उतरायचा न्हाई.

आणि मग ते वर्ष... दर महिन्याला शनिवारी ती चौघं आणि मावशी वेल्ह्याहून चालत निघायची, माझ्याकडे कामथडीला वस्तीला यायची, आणि रविवारी सकाळी आम्ही सगळे मिळून भोरची वाट धरायचो. लढाईपायी रॉकेल मिळत नव्हतं, चुलीच्या उजेडात जेवायचो. मुलांची तोंडं उतरलेली असायची. एकदा चंद्रा म्हणाली की आपण कशाला जातोय, आपल्यापुढनं ताट तर नुसतं निघून जातंय. मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा केला, "चल की, भाकर कशी दिसती ते तरी बघून येऊ." सगळी हसली, चंद्रासुद्धा. रविवारी सगळी शेवटच्या बाकावर बसली, ताट पुढून गेलं, मावशींनी ते पुढे दिलं. महिन्यामागून महिने असं चाललं. देवळातल्या प्रत्येकाने ते पाहिलं.

शेवटची भेट झाली तेव्हा त्यांचा ताप उतरत नव्हता. मी वेल्ह्याला गेले होते. चंद्रा त्यांच्या उशाशी होती. दुपारी पाळकसाहेब आले, वाटेत भिजलेले, फडक्यात बांधून भाकर आणि प्याला घेऊन. त्यांनी फडकं सोडलं. मावशींनी मान वळवून भाकरीकडे पाहिलं.

"चौघांचं आणलंय का?"

पाळकसाहेब म्हणाले की पंचांनी माझे हात बांधलेत, शेवंताबाई, तुम्ही तरी घ्या.

"मग झाका. माशा बसत्यात."

त्यांनी झाकलं. फडक्याची गाठ त्यांना मारता येईना. शेवटी चंद्राने मारली. थोड्या वेळाने मावशींनीच त्यांना सांगितलं की चालून आलाय, चुलीवर पेज हाय, दोन घोट घ्या, तुमच्या अंगात आधीच काय न्हाई, पुढच्या नाथाबाला कसं बुडवाल? पाळकसाहेब पेज पीत रडले. मी शाळेसाठी परतले आणि मग निरोप आला.

मातीच्या वेळी योहानरावांनी खांदा दिला. ते मनापासून रडले, यात मला शंका नाही. आता ते म्हणतात, त्या गेल्या, वाद मिटला. देवळाच्या भिंतीत त्यांच्या नावाचा दगड बसवू, वर लिहू, 'शांतीत विसावली'. मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि इथं छापून सांगते: त्या शांतीत गेल्या नाहीत, उपाशी गेल्या. आणि वाद मिटलेला नाही, कारण चौघं आहेत. चंद्राला मी विचारलं की एक वाक्य म्हणायचं आहे, म्हणून टाकशील का? तिने माझ्याकडे आरपार पाहिलं. "खोटं बोलून पान्यात उतरू? मग नुसती आंघोळच झाली की ती."

भाऊबहिणींनो, आपल्या पंथात वरून हुकूम देणारा कुणी नाही. आपल्याकडे पाण्यातून वर आलेलं प्रत्येक माणूस सारखं; मंडळीचा निर्णय मंडळी हात वर करून करते, बाईचाही हात त्यात मोजतात. म्हणून तर आपण वेगळे राहिलो. तो ठराव पंचांनी आपल्याला विचारून केला नव्हता. त्यांनी फक्त वाचला आणि आपण ऐकला. पाळकसाहेब आज सांगतात, मंडळीने म्हटलं तर मी उद्या नदीत उतरतो. ते भित्रे असतील, पण त्यांना तुमचा आधार मिळाला तर ते उतरतील.

नाताळानंतरच्या रविवारी भोरला वार्षिक सभा आहे. पंच हा विषय काढणार नाहीत; तुम्ही काढा. उभं राहून म्हणा की शेवंताबाईंना काढल्याचा ठराव रद्द करा आणि चौघांना कसलीही कबुली न मागता बाप्तिस्मा द्या, आणि यावर आत्ता, इथं, मत घ्या. दगडाची भाषा कुणी काढली तर ऐकून घेऊ नका. बायांनो, नवऱ्याच्या हाताकडे बघत बसू नका. चौघं त्या दिवशीही येतील, शेवटच्या बाकावर असतील. मत मागितलं की हात वर करा, आणि मोजून होईपर्यंत खाली घेऊ नका.