भिंतीला हात

तलावावर आमच्या बॅचला बळवंतराव येतात. उभी हयात कबड्डी खेळले आणि आता साठीला ट्रायथलॉनच्या तयारीला लागलेत. पोहणं, सायकल, धावणं, सगळं एकापाठोपाठ. मी मूळची धावणारी.

बळवंतराव पाण्यात तोंड घालतात आणि श्वास सोडतच नाहीत. अर्ध्या तलावात चेहरा काळानिळा होतो. शिकवणारी मुलगी काठावरून ओरडते, "काका, पाण्यात श्वास सोडा हो!"

"चढाईत दम सुटला की बाद, पोरी," ते धापा टाकत म्हणतात. "अंगात मुरलंय ते."

बाकीचे हसतात. मला हसू येत नाही. धाकटा भाऊ शेवटच्या दुखण्यात होता तेव्हा मी नुसती धावत होते. दुसरा डॉक्टर, तिसरी तपासणी, कुठे न मिळणारं औषध. "ताई, जरा बस ना माझ्यापाशी," तो दोनदा म्हणाला. बसते रे, एवढा रिपोर्ट घेऊन येते, म्हणत मी निघाले. परत आले तेव्हा वॉर्डबॉय त्याच्या खाटेवरची चादर बदलत होता. धावणाऱ्याला थांबायला कुणी शिकवत नाही.

आज बळवंतराव एका श्वासात पलीकडे पोचले. भिंतीला हात लागताच, मधली रेषा गाठावी तसं, त्यांनी झटकन मागे वळून पाहिलं, कोण अंगावर येतंय म्हणून. मागे नुसतं पाणी हलत होतं.