तळमजल्याची खोली

घाटकोपरच्या त्या दवाखान्यात पाणी पिऊन पिऊन माझं पोट तटतटलेलं, आणि डॉक्टर पडद्यावरची करडी चित्रं बघत नुसते "हं, हं" करत होते. शेवटी म्हणाले, बाळाच्या मणक्यात फट आहे, पाय बहुतेक चालणार नाहीत. "कायद्यानं आठेक दिवस आहेत हातात. मोकळ्या व्हा. पुढच्या वेळी सगळं चांगलं होईल." पुढची वेळ! जणू बिघडलेलं लोणचं, फेकायचं आणि नवीन घालायचं.

मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर आम्ही चौघं राहायचो, नवरा, सासू-सासरे आणि मी. सासूबाईंनी दारातच विचारलं. मी म्हटलं, "आठ दिवसांत मोकळी हो म्हणाले." त्यांच्या लेखी मोकळी होणं म्हणजे बाळंत होणं. त्या उसळल्याच. "आठ दिसांत? पाचव्यात? डाक्टराक म्हयने मोजूक येतत काय?" मला हसू आलं आणि हसता हसताच रडू फुटलं. मग सगळं फोड करून सांगावं लागलं. त्या शब्दाचा मला आलेला राग आजतागायत गेलेला नाही.

तेव्हापासून मी एका जागी बसेचना. डबे घासले, घासलेले परत घासले. शेजारीण म्हणाली, "बिचारं जगून तरी काय करणार गं?" मी म्हटलं, "तू काय करतेस जगून?" ती चार दिवस बोलली नाही, बरंच झालं. पण खरं सांगते, मनात मीही तेच म्हणत होते. भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना पायऱ्या मोजायची. चोपन्न. दहा वर्षांचं पोर कडेवर घेऊन चोपन्न? आणि नेमकं तेव्हाच ते आतून ढुशी द्यायचं. वाट लागली होती माझी. 'नको' म्हणायची हिंमत नव्हती, 'हवं' म्हणायचीही नव्हती.

पाचव्या दिवशी नवरा कळवळून म्हणाला, "अगं, आयुष्यभर बसून खाणार ते. कुणाच्या काय कामाचं?" सासरे गॅलरीत पेपर वाचत होते. गिरणीचा संप झाल्यापासून तीन वर्षं ते तिथेच बसलेले असायचे. पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. नवऱ्यानं जीभ चावली, पण शब्द गेला तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सासरे चपला घालून निघून गेले. जेवायलाही आले नाहीत. सासूबाईंनी नवऱ्याला असा काही फैलावर घेतला की मलाच त्याची दया आली. मी जीव मुठीत धरून गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. संध्याकाळी आले, सदरा घामानं चिंब. तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "मागल्या चाळीत तळाक एक खोली आसा. ते लोक अदलाबदल करूक तयार आसत. पायरी एकच."

"कशाला?" मी विचारलं.

"पोराक घेवन तीन जिने कोण चढतला?"

माझं डोकंच फिरलं. "तुम्हाला कुणी विचारलं? माझं अजून ठरलेलं नाही!" सासऱ्यांवर तसा आवाज मी कधी चढवला नव्हता. ते शांतपणे म्हणाले, "तुजा तू ठरव गो. खोली गेली तर परत गावूची नाय, म्हणान बघून इलय."

डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला मी गेलेच नाही. नवऱ्याला म्हटलं, "मला हवंय." तो उठून खोली बघायला गेला.

मुलगी झाली. पाठीचं ऑपरेशन झालं, पाय नाहीच चालले. त्रास झाला नाही असं कोण म्हणेल? दवाखान्याच्या खेपांनी मी कितीदा रडकुंडीला आले. पण हातांवर सरकत ती अख्खी चाळ हिंडायची, भांडायची, अगदी माझ्यासारखी.

चार वर्षांची असताना तिनं आजोबांना विचारलं, "आपण आधी वर राहायचो ना? मग खाली का आलो?" माझ्या हातातलं लाटणं थांबलं. सासरे रोज संध्याकाळी जुन्या बिल्डिंगमध्ये पत्ते खेळायला जायचे, तिन्ही जिने दम न खाता चढून.

"म्हाताऱ्याक जिनो चढूक जमना नाय गो बाय, म्हणान."

तिनं त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. "असू दे आजोबा. मी आहे ना."

त्या दिवसापासून ते पत्ते खेळायला वर गेले नाहीत.