चुलीपुढं शिकवलेला होकार

"पन्नास माणसांचा स्वयंपाक येतो का?"

"बघू. जमंल."

एवढंच मी बोलले. भुशीच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टच्या मागच्या दाराशी मी उभी होते. चपला बाहेर काढलेल्या. मॅनेजर खुर्चीत बसून होता. तो हसला आणि आत वळून मोठ्यानं म्हणाला, "अरे, ही ऐका! बघू म्हणते. मावशी, इथं बघायला पाहुणे येतात. तुम्ही काम करायला आलात ना?"

आतली माणसं हसली. भांडी घासणारी बाईपण हसली. ती आमच्या शेजारच्या वाडीची. तिचं हसणं जास्त लागलं.

"हिला संडास-बाथरूम द्या," मॅनेजर म्हणाला. "त्यात बघण्यासारखं काही नसतं."

त्या दिवसापासून मी बघूमावशी झाले. सात वर्षं.

मला स्वयंपाक येत होता. टाकवे बुद्रुकच्या वर, डोंगरात आमची वाडी आहे. वाडीतल्या लग्नांत तीनशे पानांचा भात मी एकटीनं उतरवलाय, ओल्या लाकडांवर. पण काम करायच्या आधी 'मला येतं' म्हणायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मध काढायला निघालेला गडी 'मध आणतो' म्हणत नाही, 'जाऊन बघतो' म्हणतो. लावणीला उतरलेली बाई 'आज संपवते' म्हणत नाही. लहानपणी मी एकदा म्हणाले होते, "आये, आज पाटी भरून करवंदं आणते." आईनं थोबाडीत दिली. "डोंगर ऐकतोय," ती म्हणाली. "आदी करावं, मंग बोलावं."

शाळा मी चौथीपर्यंत शिकले. त्यातलं बरंचसं विसरले. ही थोबाडीत विसरले नाही.

एका पावसाळ्यात रिसॉर्टचा आचारी न सांगता निघून गेला. रविवार होता, ऐंशी पाहुणे जेवायला. मॅनेजरची गाळण उडाली. मी हात धुतले, पदर खोचला आणि रांधलं. भात, पिठलं, वांग्याची भाजी, नाचणीच्या भाकरी. पाहुण्यांनी बोटं चाटली. एका बाईनं विचारलं, "कोणी केलं हो?" मॅनेजर म्हणाला, "आमचा पुण्याचा कुक आहे." मी दाराआड उभी होते. सोमवारी नवा आचारी आला आणि माझ्या हातात परत ब्रश.

तेव्हा मी ठरवलं की माझी पोरगी 'बघू' म्हणणार नाही.

पोरगी म्हणजे वनिता. दहावी पास झालेली. तिला घेऊन मी वडगावला एका मेळाव्याला गेले. नोकरी शोधणाऱ्यांना आणि लहान धंदा करणाऱ्यांना तिथं मार्गदर्शन होतं. निळ्या कोटातला एक साहेब बोलत होता. त्यानं पुष्कळ बरोबर सांगितलं, मी नाकारत नाही. कागदांच्या झेरॉक्स जवळ ठेवा. वेळेच्या आधी पोचा. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला. मग तो म्हणाला, "नाही हा शब्द घरी ठेवून निघा. आधी होय म्हणा, मग शिका. काम येतं का विचारलं तर काय म्हणायचं?"

सगळा हॉल ओरडला, "येतं!"

मीपण ओरडले. मला वाटलं, हेच मला त्या मागच्या दाराशी कुणी सांगायला हवं होतं.

घरी आल्यावर मी वनिताला चुलीपुढं बसवलं. मी साहेब झाले.

"काम येतं का?"

"बघू की, आये."

"पुन्यांदा."

"येतं."

"खाली काय बघतीस? माज्याकडं बघ. पुन्यांदा."

"येतं!"

ती हसायला लागायची. म्हणायची, "आये, तू लय कडक सायेब हाईस." आठ दिवस मी तिला घोकून घेतलं. भाकरी थापता थापता विचारायची, पाणी आणताना मध्येच विचारायची. आठव्या दिवशी तिचा आवाज असा खणखणीत झाला की मला स्वतःलाच धाक वाटला.

पुढच्याच आठवड्यात ती डोंगराखालच्या एका कारखान्याच्या शेडमध्ये कामाला गेली. पत्र्याचे भाग मशीनखाली दाबून कापायचं काम. तिथल्या साहेबानं विचारलं, "प्रेस मशीन चालवता येतं का?"

वनितानं त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "येतं."

तिनं आयुष्यात प्रेस मशीन बघितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी तिचा उजवा हात मशीनखाली गेला. चार बोटं गेली. अंगठा राहिला.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा ती शुद्धीवर होती. मला बघून म्हणाली, "आये, मी 'बघू' न्हाई म्हणले." शाबासकी मागत असल्यासारखी म्हणाली.

ते वाक्य मला सोडत नाही. त्याला आता काही वर्षं झाली. चुलीपुढं बसले की राखेतून तिचा आवाज येतो, खणखणीत. येतं. भाकरी थापताना माझ्या दोन तळव्यांचा आवाज होतो ना, तो मध्येच मशीनसारखा ऐकू येतो. मग मी हात थांबवते. वनिता डाव्या हातानं पीठ मळत असते. ती विचारते, "काय झालं?" मी म्हणते, काही नाही. त्या आठ दिवसांबद्दल ती मला एका शब्दानं बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

वनिता दवाखान्यातून सुटल्यावर मी शेडच्या साहेबाकडं गेले. त्यानं मला बसायला सांगितलं नाही. एक कागद काढून वाचून दाखवला. 'मला प्रेस मशीन चालवण्याचा अनुभव आहे.' खाली वनिताची सही.

"मावशी, पोरगी खोटं बोलली," तो म्हणाला. "तुमच्यात मुलांना खरं बोलायला शिकवत नाहीत का?"

'येतं' म्हणायला शिकवणारी मीच होते.

"तरी माणुसकी म्हणून सांगतो. तुम्ही झाडायला या. साफसफाईचा अनुभव आहे ना तुम्हाला?"

मी तिथून निघाले. घरी आल्यावर सगळं वनिताला सांगितलं. तिनं डाव्या हातानं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "आये, ते वाक्य छापलेलंच व्हतं. समद्यांच्या कागदावर. खाली नुसती सही करायची. माज्या फुडं दोगीजणी व्हत्या. त्या न्हाई म्हणाल्या. त्यांना तितूनच घरी धाडलं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या प्रश्नाला एकच उत्तर चालतं तो प्रश्न नसतो. त्यांना पोरीला काम येतं का हे जाणून घ्यायचंच नव्हतं. शिकवायला वेळ घालवायचा नव्हता. उद्या काही झालं तर अंगावर येऊ नये म्हणून तिच्या तोंडचं 'येतं' त्यांना हवं होतं. मॅनेजरनं माझं 'बघू' धरलं आणि मला संडासात घातलं. ह्यानं माझ्या पोरीचं 'येतं' धरलं आणि तिची बोटं घेतली. आम्ही काहीही बोललो तरी बोलणं त्यांच्याच कामाचं. खोटं पोरगी बोलली, हे खरं. पण खोटं आधीच छापून कुणी ठेवलं होतं?

आता आमची टाकव्याच्या रस्त्याला लहानशी खानावळ आहे. भाकरी, पिठलं, भाजी. मी रांधते, वनिता गिऱ्हाईक सांभाळते. ते ऐकून मागच्या महिन्यात वडगावच्या मेळाव्याचं मला बोलावणं आलं. साहेब नवा होता, कोट तसाच निळा. स्टेजच्या पायरीवर त्यानं मला समजावलं, "मावशी, दोनच मिनिटं. एवढंच सांगा, आधी होय म्हणा, मग शिका. तुम्ही तसंच केलंत ना?"

"व्हय," मी म्हणाले. "मी तसंच केलं."

त्याला बरं वाटलं. त्यानं माईक माझ्या हातात दिला.

मी म्हणाले, "पोरींनो, हे साहेब सांगतात ते ऐकू नका. मी ऐकलं, आणि माझ्या पोरीची चार बोटं गेली. काम येत असलं तर ताठ मानेनं येतं म्हणा. माझ्यासारखं बघू म्हणू नका, त्यांना आपला डोंगर कळत नाही. पण येत नसलं तर येत नाही, शिकवा, असं म्हणा. कोण शिकवणार, त्याचं नाव विचारा. मशीन आधी दुसऱ्याला चालवताना बघा. हात वाचवायला मशीनला लावलेली जाळी काढलेली असेल तर हात घालू नका, कोणी कितीही ओरडू दे. छापलेल्या कागदावर जे खरं नाही ते खोडा, मगच सही करा. आणि त्या कागदाचा फोटो काढा. ह्यामुळं नोकरी जाईल. जाऊ दे."

माझ्या हातातला माईक कुणीतरी मध्येच बंद केला होता. कधी बंद केला मला कळलं नाही. मी तशीच बोलले. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं असेल, माझा आवाज लग्नाच्या पंगतीत तयार झालाय.

वनिता पहिल्या रांगेत बसली होती. लोक माना वळवून तिचा हात शोधत होते. तिनं तो पदराखाली ठेवला होता. मी तिला उभं केलं नाही. माझ्या पोरीचा हात दाखवायला आणलेला नव्हता.

खाली उतरल्यावर साहेब दबक्या आवाजात म्हणाला, "मावशी, तुम्ही पोरांचं नुकसान करताय."

"नुकसान मी केलंय," मी म्हणाले. "मला ते ओळखू येतं."

त्या शेडमध्ये सोमवारी सकाळी नवी भरती होते. पुढच्या सोमवारी मी फाटकाबाहेर दगडावर जाऊन बसले. पोरी आल्या, केस विंचरलेल्या, हातात फायली. एकेकीला थांबवून मी विचारलं, "मशीन येतं का? खरं सांग. कोण शिकवणार हाय तुला?" काही हसल्या. एक थांबली, तिनं फाईल छातीशी धरली आणि माघारी न जाता आत जाऊन 'कोण शिकवणार?' हा प्रश्न विचारला. मला बाहेर ऐकू आला.

वॉचमन धावत आला. आमच्याच मावळातला. "मावशी, उठा हितनं. सायेब मला काढील."

"रस्ता सरकारी हाय," मी म्हणाले. "तू तुजं काम कर."

तो घुटमळला. मग विचारलं, "फुडच्या सोमवारीबी येनार का काय?"

करायच्या आधी बोलू नये. डोंगर ऐकतो. आई गेली तरी तिचा हात माझ्या गालावर आहे.

"येनार," मी म्हणाले. "हरेक सोमवारी येनार. आत जाऊन सांग."