बहिणीकडं टायम नाय

भाट्याच्या किनाऱ्यावर, वाळूत तो रोज सकाळी भेटतो. नाव मी कधी विचारलं नाही. माझी बायको गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून मी चालतो. तो मात्र चरबी उतरवायला येतो. मोबाईलचा टायमर किंचाळला की मिनिटभर जीव खाऊन धावतो, पुन्हा किंचाळला की कमरेवर हात ठेवून धापा टाकतो, मग परत धावतो. बोलणंही तसंच, धापेधापेनं.

एकदा मी म्हटलं, "अरे रेड्या, मरशील. माझ्यासारखा तासभर सावकाश चाल. चरबी तशीपण जाते."

"जाते ओ काका. पण टायम लागतो. बहिणीकडं टायम नाय."

बहिणीला तो आपल्या लिव्हरचा तुकडा देणार होता. तपासलं तर त्याच्याच लिव्हरवर चरबी निघाली. ती उतरल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते.

मग तो आठ-दहा दिवस दिसला नाही. आला तेव्हा पँट कमरेवर राहत नव्हती.

"बहीण गेली, काका. आणि काल माझा रिपोर्ट आला. लिव्हर साफ. आता कुणाला देऊ?"

मी म्हटलं, "चल, माझ्याबरोबर सावकाश चाल."

त्यानं नकारार्थी मान हलवली आणि धावत सुटला. पार टोकापर्यंत गेला, मध्ये कुठं थांबला नाही.